पन्नाशीनंतर पहिल्यांदाच पायात स्की: मोठ्या वयात शिकलेलं इथे कोणी आहे का?

मेघवेडी

माझं वय ५३. बर्फावरच्या कुठल्याच खेळाशी आजवर कधी संबंध आला नव्हता. गेल्या महिन्यात सलग चार दिवस स्कीइंग शिकले आणि तेव्हापासून डोक्यात दुसरा विषय नाही. मोठ्या वयात सुरुवात केलेल्या कुणाशी तरी मनापासून बोलायचं आहे, म्हणून हा धागा काढते.

पहिला दिवस बहुतेक बुटांतच गेला. प्लॅस्टिकचं कडक कवच, त्यावर चार बकलं, आणि आत पाय असा अडकतो की नडगी कायम पुढे झुकलेली. त्या बुटात ताठ उभं राहता येत नाही, चालायचं तर आधी टाच टेकवून. स्कीवर चवडा आधी बसवायचा, मग टाच खाली दाबायची. खट्ट आवाज आला की बाइंडिंगने, म्हणजे स्कीवरच्या पकडीने, बूट धरला. बुटाच्या तळाला बर्फ चिकटलेला असला तर तो आवाज येतच नाही. माझं हे तीनदा झालं, तेव्हा इन्स्ट्रक्टरने पोलच्या, म्हणजे हातातल्या काठीच्या, टोकाने तळ खरवडायला शिकवलं. मग एकाच पायात स्की घालून सपाट जागी दुसऱ्या पायाने रेटत फिरलो. त्यानंतर कडा रोवत आडव्या पावलांनी थोडं वर चढायचं आणि सरळ खाली घसरत यायचं. खाली लांबलचक सपाटी होती, त्यामुळे थांबायची चिंताच नव्हती. तो अर्धा तास मला फार आवडला.

दुसऱ्या दिवशी स्नोप्लाऊ, म्हणजे स्कींचे शेंडे जवळ, शेपट्या लांब, आणि आतल्या कडांवर दाब देत वेग कमी करायचा. सपाटीजवळ ते जमलं. जरा वरून सुरुवात करायला लावल्यावर मात्र बिनसलं. वळताना स्कींची तोंडं क्षणभर सरळ उताराकडे होतात ना, तिथे माझं अंग आपोआप मागे जायचं. अंग मागे गेलं की स्की पुढे पळायच्या, आणि पळाल्या की मी आणखी मागे. त्या दुपारी मी सहा वेळा पडले. एकदा तर उठलेच नाही, काही वेळ तिथेच बसून राहिले. लागलं नव्हतं, पण आपलं शरीर आपलं ऐकत नाही हे इतकं स्पष्ट कधी जाणवलं नव्हतं.

चौथ्या दिवशी चार-पाच वळणं नीट झाली. तेवढ्यासाठी मी पुन्हा जाणार आहे. पण ती भीती जाते का? कशी? आणि गुडघ्यांचं काय? नवऱ्याचं म्हणणं, एवढं आवडलंय तर कर, पण गुडघे गेले तर पुढची वीस वर्षं कशी काढशील याचाही विचार कर.

रानवारा

मी ४९ व्या वर्षी सुरुवात केली, हा अकरावा हिवाळा. तुमचा दुसरा दिवस वाचताना माझाच दुसरा दिवस आठवला.

भीतीबद्दल अनुभवाचं सांगतो. ती जात नाही, पण शरीर तिला जे उत्तर देतं ते बदलता येतं. उतारावर घाबरलेलं अंग डोंगराकडे, म्हणजे मागे झुकतं. आयुष्यभर निसरड्या उतारावर चालताना आपण तेच केलंय, म्हणून सवय इतकी पक्की. पण स्की वळते ती पुढच्या भागावर वजन असलं तर. वजन टाचेवर गेलं की शेंडे हलके होतात, बर्फ धरत नाहीत, आणि स्की फक्त सरळ पळू शकते. म्हणजे ज्या हालचालीने आपल्याला वाचल्यासारखं वाटतं, तीच वेग वाढवते. लहान मुलांकडे पन्नास वर्षांची ती सवयच नसते, म्हणून ती लवकर शिकतात असं मला वाटतं. शिवाय ती जमिनीच्या जवळ असतात आणि पडली तरी कमी उंचीवरून पडतात.

माझ्या कामी आलेली गोष्ट एकच: बुटाची जीभ. नडगी सतत त्या जिभेला टेकलेली हवी. 'पुढे झुका' म्हटलं की माणूस कंबरेत वाकतो, आणि बूड आणखी मागे जातं. त्यापेक्षा घोट्यातून वाका आणि नडगीने जीभ दाबत राहा. दाब सुटला की समजायचं, आपण मागे गेलो. मी वळणाआधी मनात फक्त 'नडगी' एवढंच म्हणायचो. दुसरी खूण म्हणजे मांड्या. अर्ध्या तासात मांड्या पेटल्या तर उतार कठीण नाही, तुम्ही अदृश्य खुर्चीवर बसून खाली येताय. आणि हात नजरेसमोर राहू द्या, दोन्ही हातमोजे दिसले पाहिजेत.

वेगाबद्दलही एक. आपण मोठी माणसं स्नोप्लाऊचा ब्रेक दिवसभर दाबून धरतो. दमतो, गुडघ्यांवर आतून ताण येतो, आणि उतार जरा वाढला की ब्रेक पुरतच नाही. वेग वळणाच्या आकाराने कमी करायचा असतो. वळण अर्धवट सोडू नका. स्की उताराला पूर्ण आडव्या होईपर्यंत, अगदी किंचित चढाकडे तोंड होईपर्यंत ते पुरं करा. वेग आपोआप मरतो. हे एकदा अंगात आलं की उताराकडे तोंड करायची ती क्षणभराची भीती पुष्कळ कमी होते, कारण पुढे थांबा आहे हे माहीत असतं.

वयाचं म्हणाल, तर स्कीइंगच्या इतिहासातलं माझं आवडतं नाव सोंद्रे नोर्हाइम. नॉर्वेच्या टेलेमार्क भागातला गरीब माणूस, जन्म १८२५ चा. टाचेमागून वेताचे पीळ घेऊन त्याने स्की पायाला पक्की बांधली. त्याआधी फक्त पुढच्या पट्ट्यात पाय अडकवत, त्यामुळे वळणं आणि उड्या अवघड. १८६८ मध्ये राजधानीतल्या, म्हणजे तेव्हाच्या क्रिस्तियानियातल्या, स्पर्धेत त्याने सगळ्यांना चकित केलं, तेव्हा तो ४२ वर्षांचा होता. तो लहानपणापासूनचा स्कीअर होता, आपली त्याच्याशी तुलना नाही. पण या खेळाला वळण देणारा माणूस त्या वेळी चाळिशीत होता, हे मला दर हिवाळ्यात आठवतं.

टिटवी

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि स्वतः ४६ व्या वर्षी शिकले, म्हणून गुडघ्यांवर लिहिते.

'गुडघे जातील' असं सरसकट म्हणणं बरोबर नाही आणि 'काही होत नाही' हेही नाही. तुमचा गुडघा आज कसा आहे यावर सगळं आहे. आधीची लिगामेंटची (सांध्यातली हाडं जोडणाऱ्या बंधाची) दुखापत, सूज, जिना उतरताना दुखणं, यांपैकी काही असेल तर आधी तपासून घ्या. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांनी हाडांची घनता तपासायची की नाही, हेही डॉक्टरांशी बोलून ठरवा. कारण मोठ्या वयात पडण्यातला खरा धोका बऱ्याचदा मनगट, खांदा आणि खुबा यांना असतो.

तयारी निघायच्या निदान सहा-आठ आठवडे आधी सुरू करा. स्कीइंगमध्ये मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच जोर लावतात, जिना उतरताना लावतात तसा. म्हणून नुसतं चालणं पुरत नाही. पायरीवर एका पायावर उभं राहून दुसरा पाय अगदी सावकाश खाली टेकवायचा आणि परत वर घ्यायचा. भिंतीला पाठ लावून खुर्चीत बसल्यासारखं थांबायचं, पहिल्या आठवड्यात वीस सेकंद पुरेत. एका पायावर तोल, आधी डोळे उघडे, मग जवळ आधार ठेवून मिटून. आणि घोटे. टाच जमिनीवर ठेवून गुडघा अंगठ्याच्या पुढे किती जातो पाहा. घोटा ताठर असेल तर रानवारांनी सांगितलेली नडगी जिभेला टेकतच नाही, आणि माणूस मनात नसताना मागे बसतो. माझ्याकडे आलेल्या दोघांची 'भीती' प्रत्यक्षात घोट्यात होती.

गुडघ्याचा पुढचा लिगामेंट अनेकदा तुटतो तो मागे पडताना. बूड गुडघ्यांच्या खाली गेलेलं, सगळं वजन दरीकडच्या स्कीच्या आतल्या कडेवर, आणि स्कीची शेपटी तरफेसारखी पाय पिळते. म्हणून दोन गोष्टी पाठ करा. पडत असाल तर पडा, घसरत असतानाच उठायची धडपड करू नका. आणि वेग आवरत नाही म्हणून मागे फतकल मारू नका, कुशीवर जा. पडताना पोल हातातून सोडून द्या, नाहीतर अंगठ्याच्या मुळाशी असलेला लिगामेंट पोलच्या मुठीवर फाटतो. या दुखापतीला इंग्रजीत 'स्कीअर्स थंब' असंच नाव आहे.

ऑस्ट्रियात साल्झबुर्गला साठी ओलांडलेल्या लोकांना १२ आठवडे मार्गदर्शनाखाली स्कीइंग करायला लावून अभ्यास झाला होता. त्यांच्या पायांची ताकद वाढलेली आढळली. मात्र ती मंडळी नवशिकी नव्हती, त्यामुळे आपण त्यावरून थेट आपलं गणित मांडू नये. पण शरीर त्या वयातही प्रतिसाद देतं, एवढं त्यातून नक्की घ्यावं.

धूसर

टिटवी यांच्या प्रतिसादाला जोडून बाइंडिंगबद्दल, कारण माझ्या बाबतीत चूक तिथेच झाली.

भाड्याने स्की घेताना फॉर्मवर वजन, उंची, वय आणि स्कीअरचा प्रकार विचारतात. बुटाच्या तळाची लांबी ते स्वतः पाहतात. या पाच गोष्टींवरून, पडताना बाइंडिंग किती जोराला सुटावं तो आकडा तक्त्यातून काढतात. प्रकार तीन: एक म्हणजे सावध आणि सावकाश, तीन म्हणजे वेगवान. वय ५० किंवा जास्त असेल तर तक्त्यात एक ओळ खालचा आकडा धरतात, म्हणजे बाइंडिंग लवकर सुटतं. मला तेव्हा ५६ वर्षं पूर्ण होती. मी वय ४८ लिहिलं आणि प्रकार दोन. का लिहिलं? रांगेत पुढे उभ्या असलेल्या तरुण मुलांसमोर ५६ लिहायला जड गेलं. तिसऱ्या दिवशी अगदी कमी वेगात, वळताना पडलो. स्की सुटली नाही. गुडघ्याच्या आतल्या बाजूचा लिगामेंट ताणला, सात आठवडे पट्टा लावून काढले. त्या फॉर्मवरचं वय हा आपल्या संरक्षणाचा आकडा आहे. खरं वय, खरं वजन लिहा आणि प्रकार एक.

बूट. सगळे घरातल्या चपलेच्या मापाने ऐसपैस बूट घेतात आणि तिथेच बिघडतं. स्की बुटाचं माप म्हणजे पावलाची लांबी सेंटिमीटरमध्ये. आतला मऊ बूट बाहेर काढून रिकाम्या कवचात पाय घाला, बोटं पुढे टेकवा. टाचेमागे साधारण दोन बोटं मावली तर ठीक. ताठ उभं राहिल्यावर बोटं पुढे टेकली पाहिजेत आणि गुडघे वाकवल्यावर किंचित मागे सरकली पाहिजेत. आत टाच उचलली जात असेल तर स्कीवर तुमचा ताबा नाही. मोजा एकच, पातळ. दोन मोजे घातले की घड्या पडतात, रक्तप्रवाह अडतो आणि पाय उलट जास्त गार पडतात. उतारावर वर नेणाऱ्या खुर्चीच्या लिफ्टमध्ये वरची बकलं सैल करा, उतरल्यावर पुन्हा आवळा.

उन्हाळी

मुलीने शिकवलं तर चालेल का? ती वीस वर्षांची आहे, दोन हिवाळे शिकली आहे. माझं वय ५८. क्लासला जायचं दडपण येतंय.

रानवारा

मनापासून सांगतो, पहिले दोन-तीन दिवस घरच्या माणसाकडून शिकू नका. तिला स्की येते, शिकवता येतं असं नाही. ती तुम्हाला प्रेमाने तिच्या आवडत्या उतारावर नेईल, तो तुमच्यासाठी दोन पायऱ्या वरचा असेल. हिरव्या आणि निळ्या खुणांच्या, म्हणजे सोप्या, वाटाही जागोजागी सारख्या नसतात, त्या डोंगरावरची ती तुलना असते. गटाचा क्लास घ्या, शक्य असेल तर मोठ्यांचा. दुसरं कोणीतरी आपल्यासारखंच अडखळताना दिसणं हा मोठा दिलासा असतो.

चालती_वाट

रानवारा, इथे जरा असहमत. मला मुलानेच शिकवलं, वय ५५. क्लासमध्ये दहा जणांत माझी पाळी येईपर्यंत उभी राहून पाय गारठायचे आणि भीती वाढत जायची. मुलगा माझ्या पुढे, माझ्याकडे तोंड करून मागे मागे सरकत यायचा, त्यामुळे मला दरी दिसायचीच नाही, फक्त तो दिसायचा. तीन दिवस त्याने मला नवशिक्यांना वर नेणाऱ्या सरकत्या पट्ट्याच्या उतारावरून हलवलं नाही. ते त्याच्या स्वभावात आहे, हे मान्य. तेव्हा माणूस कोण आहे यापेक्षा त्याच्याकडे किती वेळ आहे, हे बघा.

टिटवी

चालती_वाट, तुमचा मुलगा नशिबाने मिळतो. उन्हाळी, मध्यम मार्ग असा: सकाळी क्लास, दुपारी मुलीबरोबर त्याच उतारावर सराव. तिला एकच अट घाला, नवा उतार तिने सुचवायचा नाही, तुम्ही मागायचा. आणि दुपारी तीननंतर थांबा. दमलेले स्नायू उशिरा प्रतिसाद देतात, आणि 'आता शेवटची एक' म्हणून घेतलेल्या फेरीत माणूस पडतो.

मेघवेडी

सगळ्यांचे खूप आभार. धूसर, तुमचा अनुभव वाचून पोटात कालवलं. मी खरं वय लिहिलं होतं, पण त्याचा उपयोग काय हे माहीत नव्हतं.

आणखी एक विचारते. मला उतारापेक्षाही मागून येणाऱ्यांची भीती वाटते. सर्र आवाज येतो आणि अंग आखडतं. मागे वळून बघायचं का?

रानवारा

बघायचं नाही, मान वळली की खांदा वळतो आणि त्यामागे स्की. नियम तुमच्या बाजूने आहे. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाचे वर्तनाचे दहा नियम १९६७ पासून आहेत. त्यातला तिसरा सांगतो की मागून येणाऱ्याने पुढच्याला धोका होणार नाही असा मार्ग निवडायचा. ओलांडणाऱ्यानेही पुढच्याला हव्या तशा वळणाची जागा सोडायची. पुढे असाल तर वळणं एकसारखी ठेवा, मागच्याला अंदाज येतो. वर मात्र तेव्हा बघायचं, जेव्हा तुम्ही थांबल्यावर पुन्हा निघता किंवा दुसऱ्या वाटेवरून येऊन मिळता. थांबायचं ते कडेला, उंचवट्याच्या खाली कधीच नाही, तिथे वरच्याला तुम्ही दिसत नाही.

सत्तरीकडे

माझं थोडं वेगळं आहे, तरी लिहितो. वय ६८. दोन हिवाळे उतारावरचं स्कीइंग शिकायचा प्रयत्न केला. शिकलोही, हिरव्या वाटा बिनचूक उतरायचो. पण रात्री झोप लागायची नाही, सकाळी बूट घालताना छातीत धडधड. तिसऱ्या हिवाळ्यात नॉर्डिक स्की घेतल्या, सपाट आणि सौम्य चढ-उतारांवर चालवायच्या. बूट मऊ, टाच मोकळी, स्की अरुंद आणि हलक्या. दम लागतो, घाम येतो, पण वेग आपल्या पायांचा असतो. सूचिपर्णी झाडांतून दोन खोबणी गेलेल्या असतात, त्यात स्की ठेवायच्या आणि एका पायावर तोलून लांब सरकायचं. पहाटे ताज्या खोबणीत पहिला माणूस मी असलो की फक्त सरकण्याचा आवाज. मला बर्फ हवा होता, उतार नव्हे, हे कळायला दोन हिवाळे लागले. त्या दोन हिवाळ्यांचं वाईट वाटत नाही, पण उतार सोडला याचंही वाटत नाही. कुणाला इथे धडधड होत असेल तर हा रस्ताही आहे.

धूसर

सत्तरीकडे, फार छान लिहिलंत. गुडघ्यानंतर मीही वर्षभर हेच करत होतो, तोल त्यानेच सुधारला. त्यानंतर उतारावर परतलो तेव्हा एका पायावर वजन घेणं सोपं वाटलं.

उन्हाळी

चेअरलिफ्टवर कोणी लिहिलं नाही. मला तिचंच भय आहे.

चालती_वाट

उतरताना सगळ्यांचंच चुकतं. पोलचे पट्टे मनगटातून काढून दोन्ही पोल एका हातात घ्या. खुर्ची येताना मागे वळून तिला मोकळ्या हाताने धरा. उतरायच्या आधी स्कींची टोकं वर ठेवा, स्की टेकल्या की उभ्या राहा, आणि खुर्ची ढकलेल तशी सरळ जा. पहिल्यांदा चालकाला हात करून सांगा, वेग कमी करतात. मला धीर आला तो तिची गोष्ट ऐकून. पहिली चेअरलिफ्ट १९३६ मध्ये अमेरिकेत सन व्हॅलीला बसली. ती आखणाऱ्या जेम्स करन नावाच्या इंजिनिअरने आधी जहाजावर केळ्यांचे घड चढवणारी यंत्रणा पाहिली होती, घड अडकवायच्या आकड्याच्या जागी त्याने खुर्ची लावली. फिरत्या दोरावरून ओझं उचलणं, एवढंच ते आहे. आपण फक्त गडबडायचं नाही.

गॉगल विसरू नका. ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरणं परत फेकतो, ढगाळ दिवशीही डोळे भाजतात. ढगाळ हवेत उंचसखल दिसेनासं होतं तेव्हा झाडांच्या कडेने जा, त्यांच्यामुळे उतार नजरेला समजतो.

मेघवेडी

नऊ आठवड्यांनी परत लिहिते आहे. पायरीवरचा व्यायाम रोज केला. उजवा घोटा खरंच ताठर निघाला, डाव्यापेक्षा दोन बोटं कमी जायचा. तीन दिवस जाऊन आले, कालच परतले.

पहिल्या सकाळी जुनीच गत, अंग मागे. दुसऱ्या दिवशी इन्स्ट्रक्टरने पोल काढून घेतले आणि हात गुडघ्यांवर ठेवायला लावले. डावीकडे वळायचं तर उजव्या हाताने उजवा गुडघा दाबायचा, बस. बाहेरच्या स्कीवर वजन म्हणजे काय, हे मला तोवर फक्त शब्दांत माहीत होतं. तिसऱ्या की चौथ्या वळणाला आवाज बदलला. आधी खरखर, पसरट, दोन्ही स्की बर्फ खरवडत चालल्याचा. आता एकाच स्कीचा, बारीक आणि सलग, कापड फाडल्यासारखा. त्या आवाजाकडे लक्ष होतं म्हणून उताराकडे तोंड झालं तेव्हा मागे झुकायचं राहूनच गेलं. नडगी जिभेला टेकलेली होती. वळण पुरं केलं, वेग मेला, मी थांबले.

मग कडेला जाऊन वर बघितलं. सकाळी यंत्राने बर्फावर पाडलेल्या बारीक रेघा अजून बऱ्यापैकी शाबूत होत्या, आणि त्यांवरून माझे दोन पट्टे उतरले होते. वरची तीन वळणं रुंद, विस्कटलेली. खालच्या दोनांत बाहेरची रेष स्वच्छ, बोटभर रुंद. इन्स्ट्रक्टर खालून हात हलवत होता, पण मी आणखी थोडा वेळ तिथेच उभी राहून ती रेष बघत होते. मागून एक लहान मुलगा आला आणि बरोबर तिच्यावरून गेला.

आता बर्फ कडक असतो, अगदी काचेसारखा, त्या सकाळी काय करायचं ते सांगा. शेवटच्या दिवशी तसा होता आणि मी निम्मा उतार आडवी घसरत उतरले.

रानवारा

आडवी घसरत उतरलात ते बरोबरच केलंत, साइडस्लिप म्हणतात त्याला, मुद्दाम शिकवतात. कडक बर्फावर जोराने कडा रोवू नका, जितकी घाई तितकी स्की सुटते. उन्हाकडच्या उतारावर तास-दोन तास थांबून जा, तोवर वरचा थर मऊ होतो. आणि स्कीच्या कडांना धार आहे का ते भाड्याने घेतानाच विचारा. नखाची पाठ कडेवरून हलकी ओढून बघा, बारीक पांढरी पूड निघाली तर धार आहे.